ड्रोनचं कपाळ

आमच्या घरात मला 'चौकशी खातं' म्हणतात. आदिलाबादच्या शाळेत मुलांना प्रश्न विचारून विचारून तोंडाला सवयच लागली आहे, ती माहेरी आले तरी सुटत नाही. त्या दसऱ्याला बोथजवळच्या आमच्या गावी पोचले, बैठकीत पुतणीचा ड्रोन पाय पसरून बसलेला दिसला, आणि मी पायसुद्धा न धुता त्याच्यासमोर फतकल मारली.

पुतणी हैदराबादला जाऊन तो उडवायला शिकून आली होती. यंत्र गावातल्या महिला संघमचं, म्हणजे बचत गटाचं, चालवणार ही. शेताच्या कडेने एकदा फिरून फोनमध्ये नकाशा भरला की तो आपला आपण ओळीने फवारत जातो म्हणे. मी विचारलं, धुरा, म्हणजे शेताचा बांध, कसा ओळखतो? शेजाऱ्याच्या तुरीवर गेला तर? मधे पळसाचं झाड आलं तर?

"त्याले डोये हायेत आत्या," ती म्हणाली. "समोर काई आलं तर थांबते."

मला ते फार आवडलं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, थांबणं माहीतच नाही.

दादाने जन्मभर पाठीवरच्या पंपाने कपाशी फवारली. आदल्या वर्षी भादव्यात फवारता फवारता तो ओळीतच आडवा झाला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. उचलून इचोड्याच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. पुन्हा हे औषध अंगावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. दादाने मान हलवली, घरी आला आणि थोड्याच दिवसांत परत पंप पाठीला बांधला. मजूर नीट फवारत नाहीत, हे त्याचं कारण. मला इतका राग आला होता की महिनाभर मी त्याच्याशी फोनवर धड बोलले नाही.

पुतणीने ड्रोनचा ध्यास घेतला तो तेव्हापासून. बाहेर ती सगळ्यांना धंदा म्हणूनच सांगायची. स्वतःच्या आवाजात मराठीत आणि तेलुगूत निरोप रेकॉर्ड करून तिने आसपासच्या शेतकऱ्यांना पाठवला होता, आणि इचोड्याकडून विचारणाही येत होती. पण तिला पहिलं गिऱ्हाईक कोण हवं होतं ते मला कळत होतं, आणि ते गिऱ्हाईक घरातच हटून बसलं होतं.

"माव्याची कीड पानाच्या खालून बसते," दादा म्हणायचा. "वरून उडणाऱ्याले खालचं काय दिसते?"

खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड होता. मी लगेच पुतणीकडे वळले. पंख्यांच्या हवेने पान उलटं होतं, असं तिचं म्हणणं. शेवटी ठरलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच कपाशीवर साधं पाणी उडवून बघायचं. पान खालून ओलं झालं तर ड्रोन. नाही झालं तर दादा पंप घेऊन ओळीत शिरणार, आणि मग कुणी काही बोलायचं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे औजारांची पूजा असते. पास, डवरं, विळे, खुरपी, पंप, सगळं धुऊन ओळीने मांडलं होतं. शेवटी ड्रोन. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्याच्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "याचं कपाय कोनतं असन?" पुतणी फोनवर कुणाला तरी तेलुगूत समजावत होती. वहिनींनी आपल्या अंदाजाने पुढची बाजू धरली आणि बोटभर हळद, वर कुंकू असं ठसठशीत लावलं. झेंडूचं फूलही वाहिलं.

सकाळी शेतात गावातले बरेच जण जमले. दादा औषधाने भरलेला पंप पाठीवर घेऊनच आला होता. पुतणीने बटण दाबलं, पंखे फिरले, पण ड्रोन जागचा उठेना. समोर अडथळा आहे, असं फोन सांगत होता. समोर तर मोकळं रान होतं. तिने त्याला वळवून ठेवलं, तरी तेच.

"दसऱ्याचा सन झाला, सुस्ती आली त्याले," धुऱ्यावरून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पोरीचे कान लाल झाले. त्या हसणाऱ्यांना एकेकाला ओणवं उभं करावंसं वाटलं मला.

दादाने पंपाचा पट्टा वर सरकवला आणि तो कपाशीकडे वळला.

"थांबा ना जी!" वहिनी ओरडल्या. "काऊन घाई करून राह्यले?"

तो थांबला. परत आला. पुतणीला यंत्र बंद करायला लावून पाठीवरच्या पंपासकट ड्रोनसमोर उकिडवा बसला. बैल चालेनासा झाला की दादा असाच त्याच्या तोंडासमोर बसतो.

"डोयात हयद घातली याच्या," तो म्हणाला.

"अगं बाई! मी तं कपाय समजून लावली!" वहिनींनी तोंडावर पदर घेतला. दादाने गळ्यातल्या दस्तीचं टोक भिजवून त्या काळ्या काचा हलक्या हाताने पुसल्या, मग कोरड्या टोकाने पुन्हा पुसल्या.

या वेळी ड्रोन उठला. ओळीने जात राहिला, पळसाजवळ थबकला, वळसा घालून पुढे गेला. मी धुऱ्यावरून त्याच्याबरोबर अक्षरशः पळत होते. दादाने मात्र वर पाहिलंच नाही. ड्रोन उतरल्यावर तो ओल्या कपाशीत शिरला आणि पानं उलटून बघू लागला. शेंड्याची, मधली, पार आत बुडाजवळची. प्रत्येक पानाखालून अंगठा फिरवायचा आणि अंगठ्याकडे बघायचा. पुतणी हातातला रिमोट छातीशी धरून उभी होती.

तो बाहेर आला. अंगठा ओला होता.

"उद्या औषध भर त्याच्यात," तो लेकीला म्हणाला. ती एकदम रडायलाच लागली. मलाही आवरेना.

"धर वो बाई," म्हणून दादाने पंप उतरवून माझ्याकडे दिला. इतकी वर्षं तो त्याच्या पाठीवर बघत आले होते, हातात पहिल्यांदाच आला. दोन्ही हातांनीही मला पेलेना. कसाबसा मी तो धुऱ्यावर टेकवला. धुऱ्यावरचे मघाचे हसणारे पुतणीचा नंबर मागत होते.

आम्ही घराकडे निघालो. दादा माझ्या पुढे मोकळ्या पाठीने चालत होता, आणि नसलेला पट्टा वर सरकवायला त्याचा हात सारखा खांद्याकडे जात होता.