रोशनीच्या कानांना चालणारं गाणं

गोविंदाच्या ताशाला अख्ख्या लकडगंजात तोड नाही, असं निदान गोविंदा तरी सांगायचा. दिवसा कळमन्याच्या बाजार यार्डात पोती उचलायची आणि लग्नसराईत संध्याकाळी वरातीपुढे वाजवणाऱ्या धुमाल पार्टीच्या गाडीवर चढून ताशा बडवायचा, हा त्याचा नेम. पोत्यांनी पाठ वाकवली होती, पण ताशामुळे मान ताठ होती. त्यातही त्याचा ब्रेक नामी. वाजवणं रंगात आलं की तो दोन्ही काड्या वर उचलायचा. सगळी पार्टी एकदम गप्प. नाचणारे जागच्या जागी थिजायचे, आणि लोकांचा श्वास अडकला की धाडकन सगळं पुन्हा कोसळायचं. या ब्रेकसाठी नवरदेवाचे मित्र त्याला खांद्यावर घ्यायचे.

अशा माणसाच्या पोटी रोशनी आली. कुकरची शिट्टी झाली तरी कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसणारी. "ताशेवाल्याची पोरगी अन् ताशाले भेते!" असं पार्टीतले चिडवायचे आणि गोविंदाच्या जिव्हारी लागायचं. ती लहान असताना एका वरातीत तो गाडीवरून खाली उतरला आणि चारचौघांत त्याने तिचे हात कानांवरून ओढून काढले. "आयक! बापाचं वाजवणं आयक!" पोर रडली नाही. नुसती थरथरत राहिली. त्यानंतर धुमाल गल्लीत आली की तिची आई, प्रेमिला, तिला मागच्या खोलीत घेऊन बसायची. सांगायला काळजीपोटी, पण खरं म्हणजे लाजेपोटी.

आता रोशनी एकोणीस वर्षांची झाली आणि तिच्या मोठ्या भावाचं, प्रशिकचं, लग्न ठरलं. प्रशिक हटूनच बसला.

"बाबा, रोशनी वरातीत पाहिजे. मागच्या खोलीत बसून राहणार असन तर मले वरातच नको."

रोशनीला सोसेल असं वरातीचं गाणं शोधायला गोविंदा कामाला लागला. मोबाईलवर एकेक गाणं लावायचं आणि रोशनीच्या हातांकडे बघायचं. त्याचा हिशोब सोपा होता: हळू गाणं म्हणजे चांगलं गाणं. त्याने बासरीचं एक गोड गाणं शोधलं. बासरी मध्येच किंचाळल्यासारखी चढली आणि रोशनी उठून गेली. त्याने झांजा वगळल्या, आवाज कमी केला. तरी हात कानांवरच.

"आता काय मुकी वरात काढू?" तो वैतागला.

"माझ्यावर काहून भडकता? तिच्या मिनल मॅडमले विचारा ना," प्रेमिला म्हणाली.

रोशनीला शाळेत शिकवलेल्या मिनल मॅडमनी फोनवर शांतपणे सांगितलं, "भाऊ, आवाज मोठा की लहान हे नंतर. पुढे काय येणार हे तिला कळतं का, ते आधी बघा. अचानक आलं की तिला कोणी मारल्यासारखं होतं."

फोन ठेवला आणि गोविंदाला आपली तालीम आठवली. ब्रेकची तालीम तो घरातच करायचा. रोज. जेवणाआधी, रोशनीसमोर, पितळी ताटावर. बायकोवर किंवा मुलांवर कधी हात उगारला नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता. तो अभिमान त्या संध्याकाळी गळून पडला.

मग तो रोशनीशेजारी बसून ऐकू लागला. नव्या कानांनी ऐकताना त्याच्या लक्षात आलं, त्याच्या आवडीचं एकूण एक गाणं अचानक येणाऱ्या दणक्यांनीच भरलेलं. शेवटी एक सापडलं. पाळण्यासारखं एका लयीत पुढे-मागे जाणारं. तो त्याला आजवर 'मेलेलं गाणं' म्हणायचा. रोशनीचे हात हळूच मांडीवर आले आणि तिचं एक बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. बापाचाच ताल होता तो. गोविंदाला पोरीची माफी मागायची होती. तोंड उघडलं, आणि निघालं काय तर, "चहा पेतं का वं?"

वरातीच्या दिवशी त्याने ताशाच्या काड्या पुतण्याला, अंकुशला, दिल्या. स्वतःच्या हातांवर त्याचा भरवसा नव्हता.

"ब्रेक नाही घ्यायचा, समजलं ना गा?"

"नाही घेत, काका."

समाजभवनाच्या वळणापर्यंत तेच गाणं वाजत राहिलं आणि सगळं ठीक झालं. कानांत कापूस घालून, नवी साडी नेसून रोशनी भावाच्या वरातीत चालली, बापाच्या शेजारून. प्रशिक घोडीवरून वळून वळून तिच्याकडे बघत होता. पण जुने लोक चेकाळले. "गोविंदाच्या घरची वरात अन् ब्रेक नाही? अंकुश, होऊन जाऊ दे!" अंकुशच्या अंगात आलं. त्याने काड्या वर उचलल्या.

सगळं गप्प झालं.

ही शांतता गोविंदाच्याच हातची होती. त्यानंतर काय येतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने ओरडायला हवं होतं. पण त्याने घट्ट डोळे मिटले आणि मार खाणाऱ्यासारखा चेहरा करून तो उभा राहिला.

रोशनीचे हात कानांवर गेले होते. तिने बापाचा तो चेहरा पाहिला. आपल्या कानांवरचे हात तिने काढले आणि त्याच्या कानांवर घट्ट ठेवले.

धाडकन ताशे कोसळले. ती दचकली, पण तिचे हात त्याच्या कानांवरून सुटले नाहीत. गोविंदाने डोळे उघडले, आपले दोन्ही हात उचलले आणि तिच्या कानांवर ठेवले. तोवर वाजून गेलं होतं.