आर्मां-सानांचा डावा कान

फोन आला तेव्हा मी तोक्योत, एदोगावातल्या शाळेच्या ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म लावत बसले होते. ओजिमाच्या आमच्या इमारतीचे व्यवस्थापक बोलत होते. कामाच्या वेळेत फोन केल्याबद्दल त्यांनी आधी दोनदा माफी मागितली, मग विचारलं, "मेधा-सान, सातव्या मजल्यावरच्या आर्मां-सानांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?" त्यांच्या दाराच्या फटीत चार दिवसांची वर्तमानपत्रं अडकली होती. पोलिसांनी दार उघडलं. झोपेतच गेले असावेत, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. त्यांची झोपायची खोली आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर. त्या चार दिवसांत मी तिथे खाली उभी राहून पोळ्या लाटल्या, डबे भरले, बहिणीशी फोनवर खिदळलेसुद्धा... दीड महिना झाला, पण ते काही मनातून जात नाही.

आर्मां-सान सिनेमाचं संगीत लिहायचे. मूळचे फ्रान्समधल्या लिओंजवळच्या एका गावचे. तिशीत असताना एका जपानी दिग्दर्शकानं बोलावलं म्हणून सहा आठवड्यांसाठी तोक्योला आले आणि परत गेलेच नाहीत. ध्वनिसंकलन करणाऱ्या युको-सानांशी त्यांनी लग्न केलं. त्यासाठी पहिला संसार मोडला. लिओंला बायको आणि लहानगी क्लेर मागे राहिली. पुढे तीसेक चित्रपट केले. "माझं संगीत कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मला काम मिळतं," असं ते म्हणत, आणि त्यात त्यांना अभिमानच असायचा. मग युको-सान गेल्या. बोलावणारे दिग्दर्शकही एकेक करून गेले. नवे निर्माते दुसऱ्याच कुणाचं तरी संगीत ऐकवायचे आणि म्हणायचे, असंच काहीतरी द्या.

माझी त्यांची ओळख पेटीमुळे झाली. नवऱ्याच्या बँकेनं त्याला इथे पाठवलं तेव्हा सामानात मी पेटी आणली होती. सकाळी घर रिकामं झालं की तासभर गायचे. एके दिवशी बेल वाजली. दारात उंच, वाकलेले, पांढऱ्या केसांचे परदेशी गृहस्थ. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी आधीच कमरेत वाकून माफी मागायला लागले. ते जपानीतच म्हणाले, "तुमच्या पेटीचा वरचा एक स्वर उतरलाय. का माझाच कान उतरलाय?"

"पेटीचाच उतरलाय," मी म्हटलं. "प्रवासात बिघडली."

त्यांनी चौकटीला हात टेकला आणि डोळे मिटून घेतले. इतक्या छोट्या उत्तरानं माणूस एवढा सुटल्यासारखा का दिसावा, ते मला तेव्हा कळलं नाही.

महिन्याभरानं त्यांनीच सांगितलं. उजवा कान जवळजवळ गेला होता. डावा ऐकायचा, पण खोटं ऐकायचा. एखादा स्वर त्याला अचानक उतरलेला लागायचा, आणि तो कधी उतरलेला लागेल याचा नेम नव्हता. हे कुणालाही माहीत नव्हतं. माझे वडील मिरजेला सतारमेकर. तंबोऱ्याची जवारी लागून तार नीट गुंजेपर्यंत त्यांच्याशेजारी बसून ऐकण्यातच माझं लहानपण गेलं. हे कळल्यावर आर्मां-सानांनी मला कामाला घेतलं. शाळेतून आले की मी वर जायचे. वादक आपापलं वाजवून पाठवायचे ते ऐकायचं आणि सुरात आहे की नाही तेवढं सांगायचं. अट एकच. "छान म्हणायचं नाही. छान म्हणणारे मला पुष्कळ भेटलेत." आमची दोघांची जपानी यथातथाच, त्यामुळे नाहीतरी जास्त बोलणं व्हायचं नाही. दर रविवारी फ्रान्सहून फोन यायचा तो काळ संपला होता, एवढं मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं होतं. का संपला, ते मी विचारलं नाही.

गेल्या शरदात त्यांना एक चित्रपट मिळाला. शेवटचाच असणार हे त्यांनाही माहीत होतं. ध्वनिमुद्रणाला मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, मदतनीस म्हणून. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मग एकट्या चेलोचा भाग आला. वाजवणारी मुलगी पंचविशीची असेल. आर्मां-सानांनी तिला थांबवलं. "उतरतंय." तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबवलं. चौथ्या वेळेला तिनं आधी तारा पुन्हा जुळवून घेतल्या. दिग्दर्शक काचेपलीकडून बघत होता. मी आर्मां-सानांच्या बाहीला हळूच हात लावला, पण ते हट्टाला पेटले होते. सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाले, "मेधा-सान, सांगा यांना. उतरलाय ना?"

त्या मुलीचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "नाही. सुरात आहे."

आर्मां-सानांनी कागद नीट एकावर एक ठेवले, वादकांना वाकून नमस्कार केला आणि ते बाहेर गेले. येताना ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. ओजिमाला उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बरोबर ऐकलंत." आठवड्याभरात निर्मात्यांनी दुसरा संगीतकार घेतला.

त्यानंतर मी वर गेले नाही. त्यांना माझं तोंड बघायला नको असेल, असं मी नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, "अगं, नुसती बेल तरी वाजव." मी उद्या जाईन म्हणायचे. असे दोन महिने गेले. एकदाच दिसले, कचऱ्याच्या जागेपाशी. इमारतीत जुने कागद टाकायचा वार होता तो. दोरीनं बांधलेले स्वरलिपीचे गठ्ठे ते एकेक करून ठेवत होते. मी "ओहायो गोझाइमास" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मी उजव्या बाजूला उभी होते. पुढे होऊन खांद्याला हात लावायला हवा होता. मी घड्याळ बघितलं आणि स्टेशनकडे गेले. संध्याकाळी जागा झाडून लख्ख होती.

क्लेर आली ती घर रिकामं करायला. चाळिशी उलटलेली, वडिलांसारखीच उंच. आम्ही इंग्रजीत बोललो. ती म्हणाली, "मी दर रविवारी फोन करायचे. ते भलतीच उत्तरं द्यायचे, नाहीतर लाइन खराब आहे म्हणून ठेवून द्यायचे. मला वाटलं, त्यांना मी नकोच आहे. सहा वर्षांपूर्वी मी फोन करणं सोडलं."

मी तिला कानाचं सांगितलं. ती खाली बसली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुस्तकं खोक्यांत भरून झाली, पियानो न्यायला माणसं येऊन गेली. उरली त्यांची आरामखुर्ची. मी जायचे तेव्हा ती नेहमी खिडकीपाशी असायची, नदीकडे तोंड करून. आता ती दाराच्या आतल्या अरुंद वाटेत होती, चपलांच्या कपाटाला खेटून, भिंतीकडे तोंड करून. शेजारी जमिनीवर चहाचा पेला आणि चष्मा.

"इथे का बसत असतील?" क्लेरनं विचारलं. "इथून तर काहीच दिसत नाही."

मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. डावा कान बरोबर बेलच्या खाली येत होता.