खणखणीत आणि बद्द

ठोकमास्तर हे नाव त्यांना कुणी दिलं ते ठाऊक नाही, पण देणाऱ्याने माणूस नीट पाहिला होता. हा गृहस्थ कुठेही गेला तरी बसायच्या आधी भिंतीवर बोटं आपटून बघायचा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथल्या दोन भिंती तपासून व्हायच्या. मुलीच्या सोयरिकीची बोलणी करायला गेले, तेव्हा व्याह्यांच्या नव्याकोऱ्या बैठकीत सगळ्यांदेखत टकटक करून म्हणाले, "पोकळ आहे." बायकोने कोपर मारलं म्हणून पुढचं पोटात राहिलं. सोयरीक जमली, पण व्याही अजून त्यांना भिंतीपासून लांबच्या खुर्चीवर बसवतात.

मास्तर पाथरवट. जुन्या घरांच्या वाळूच्या दगडाची दुरुस्ती हे त्यांचं काम. या दगडाचं दुखणं मोठं लबाड असतं. वरून तोंड साजरं आणि आत भुगा. म्हणून छोट्या हातोडीने एकेक दगड ठोकायचा. निरोगी असला तर खणखणीत वाजतो, आतून सुटला असला तर बद्द. बद्द वाजेल त्यावर खडूने फुली. मग तेवढाच भाग कोरून काढायचा आणि नव्या दगडाचा तुकडा चुन्यात बसवायचा.

चुना बायकोकडे. तो भिजवायचा, मुरवायचा, दगडाची पूड चाळून त्यात अशी मिसळायची की जोड शोधून सापडू नये, हे सगळं ती बघायची. दगड त्यांचा, चुना तिचा, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा नियम लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात ठरला होता. नियम दोघांनीही पाळला. घरातल्या बाकी बाबतीत मात्र दोघंही यथेच्छ नाक खुपसत.

गेली काही वर्षं मास्तरांचे कान उतरणीला लागले होते. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ झाला. दाराची घंटा वाजून वाजून थकली तरी हे ढिम्म. कुणी काही म्हटलं की म्हणायचे, "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायचे. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. दगड ऐकता येत नसेल तर आपण पाथरवट कसले, हा विचार त्यांना पोखरत होता. नजर पक्की होती, हातोडीच्या दांड्यातून हाताला पुष्कळ कळत होतं, त्यावर आजवर निभावलं होतं.

या वेळचं काम एका म्हाताऱ्या बाईंच्या दुमजली घराचं. बाईंचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. घराच्या दगडादगडांमधल्या दरजा आधीच्या कुणा शहाण्याने सिमेंटने लिंपल्या होत्या. त्यामुळे भिंतीतल्या ओलीची दरजेतून जायची वाट बंद झाली. ती दगडातून निघायला लागली आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. मास्तरांनी त्या अनोळखी गवंड्याचा मनसोक्त उद्धार केला, परांची बांधली आणि ठोकायला सुरुवात केली.

समोरच्या खिडकीवर एक लांबलचक दगड होता. बाई रोज सकाळी त्याच्याच खाली खुर्ची टाकून चहा घेत. दगडाला चीर नाही, पापुद्रा नाही. मास्तरांनी दोनदा ठोकून बघितलं आणि म्हणाले, "हा ठणठणीत आहे." फुली न करता ते पुढे सरकले.

खाली चाळण धरून बसलेल्या बायकोचा हात थांबला. तिने ऐकलं होतं. बद्द.

"अहो, तो परत ठोका बरं."

मास्तरांनी मान वळवली नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते तिलाही कळेना.

जेवणानंतर मास्तर सावलीत लवंडले. ती परांचीवर चढली, तो दगड इकडून तिकडून ठोकला आणि मधोमध फुली मारली. खाली उतरून तिने बाईंची खुर्चीही बाजूला ओढून ठेवली.

मास्तर उठले, फुली बघितली आणि भडकले. "ही फुली बाईंनी केली? आता त्या मला शिकवणार का?"

"बाईंनी नाही. मी केलीय."

"तू चुन्यापुरतं बघ!"

"चुन्यापुरतंच बघत आले आजवर. पण त्याच्याखाली माणूस बसतं, अहो!"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी मास्तर छिन्नी घेऊन तरातरा वर चढले. दगड चांगला आहे हे तिला दाखवायचंच होतं. त्यांनी कडेला छिन्नी लावली, एक हलका ठोका दिला. परातीएवढा पापुद्रा सुटला आणि फळीवर आपटून खाली गेला. मागे नुसती ओली पिवळी वाळू. त्यांनी बोट लावलं तर बोट आत गेलं.

आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. "काय पडलं?"

मास्तरांना काहीही सांगता आलं असतं. फुली तर दगडावर होतीच. ते खाली उतरले. त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई, हा दगड मी चांगला म्हणून सोडला होता. मला नीट ऐकू येत नाही. हिने धरला."

बाईंनी त्या तुकड्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "मग बाकीचे कोण तपासणार?"

मास्तरांनी हातोडी बायकोपुढे धरली. एवढ्या वर्षांत तिच्या हातात ती त्यांनी कधी दिली नव्हती.

पहिल्या दगडापासून पुन्हा सुरुवात झाली. ती ठोकायची, बद्द वाजला की "हा" म्हणायची, मास्तर फुली करायचे. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही, नुसती ठोकत पुढे गेली. मास्तर खडू धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. हे सगळे चांगले आहेत."

"मग सांग की!"

"चांगल्याचं काय सांगायचं? त्यावर फुली थोडीच करायचीय?"

"तरी सांगत जा," मास्तर म्हणाले. "मला तो आवाज आता येत नाही गं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग पुढचा दगड ठोकला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "खणखणीत."