आगरला दिलेला रविवार

लतिका सोनवणे पस्तिसाव्या वर्षापर्यंत पाच घरांत राहिली होती आणि त्यातलं एकही तिने निवडलेलं नव्हतं. दोन वडिलांच्या बदल्यांनी ठरवली, एक लग्नाने, उरलेली नवऱ्याच्या बदल्यांनी. म्हणून २०१७च्या मे महिन्यात तिची डहाणूच्या तहसील कचेरीत लिपिक म्हणून बदली झाली आणि सुदर्शनलाही रेल्वेच्या सिग्नल खात्यात डहाणू रोडलाच जागा मिळाली, तेव्हा तिने त्याला बजावलं, "या वेळेला घर मी बघणार. तू फक्त सामान उचल."

"उचलतो. पण दिवाळीपर्यंत बघू म्हणालो होतो, ते लक्षात आहे ना?"

ते विसरण्यासारखं नव्हतंच. त्यांची मयुरा चार वर्षांची होती. वसईला ती पाळणाघरात जायची. तिथल्या बाई स्वच्छ होत्या, वेळेवर खायला घालायच्या आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा टीव्ही लावून ठेवायच्या. मयुराला सगळ्या जाहिराती पाठ होत्या, पण दारात माणूस आलं की ती पडद्यामागे जायची. चाळीसगावहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "दोघांपैकी एकाने नोकरी सोडावी आता." त्या 'एकाने' म्हणायच्या खऱ्या, पण तो एक कोण याबद्दल घरात कुणाच्याच मनात शंका नव्हती. शेवटी ठरलं ते असं: डहाणूला पोर माणसांत रुळली तर ठीक. दिवाळीपर्यंत नाही रुळली, तर लतिकाने राजीनामा द्यायचा.

लतिका घरं बघायला मुद्दाम कामाच्या दिवशी जायची, एकदा सकाळी अकराला आणि एकदा दुपारी चारला. रविवारी सगळ्याच वस्त्या चांगल्या दिसतात, असं तिचं म्हणणं. कुठल्याही घरी ती आधी पाणी मागायची. पाणी कोण आणून देतं, दार किती उघडतं आणि आत किती माणसं दिसतात, यावरून ती मत बनवायची.

डहाणू रोडला स्टेशनजवळच्या इमारतीत फ्लॅट छान होता. पण तीन मजले चढेपर्यंत तिला एकही दार उघडं दिसलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बेन, पोरांना खाली खेळायला ना आहे. पार्किंग छे ने." दुसरी जागा एका चिकूच्या वाडीत होती. मालक काशीनाथकाका चांगला माणूस. त्यांनी स्वतः पाणी आणलं, वर परडीभर चिकू दिले आणि म्हणाले, "इथे तुम्हाला कुणाचा त्रास नाही. दिवसभर माणूस दिसणार नाही." लतिकाने चिकू घेतले आणि जागा सोडली.

तिसरी जागा आगरला. कचेरीपासून रिक्षाने दहा-बारा मिनिटं. जूनचा दुसरा आठवडा होता. मांगेल्या मच्छीमारांच्या आळीत ती सकाळी अकराला शिरली आणि थबकली. प्रत्येक ओटीवर पुरुष बसले होते. जाळी पसरून शिवत होते, बोलत होते, आणि पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर होती. एक जण तान्ह्याला मांडीवर घेऊन चहा पीत होता. तिसऱ्या घरासमोर एक दांडगा मिशीवाला गडी लेकीच्या वेण्या घालत होता, आणि वेण्या अशा घट्ट, की जाळ्याच्या गाठी वाटाव्यात. त्याचं नाव जतीन तांडेल. तिने पाणी मागितलं तेव्हा तो उठला, वेण्या धरलेल्या लेकीसकट आत गेला आणि तांब्या घेऊन आला. ती दुपारी चारला पुन्हा गेली. तेव्हाही तेच. पुरुष घरात, पोरं अंगावर.

जतीनची बायको जमना माडीवरच्या दोन खोल्या दाखवायला वर आली. लतिकाने खोल्यांकडे नीट बघितलंही नाही. "इथले पुरुष घरी असतात?" तिने विचारलं.

"जातील कुठं? पडलेत घरातच," जमना वैतागून म्हणाली. "पायात पाय येतात नुसते."

लतिकाला तिचा वैताग म्हणजे सुखवस्तू बाईचा नखरा वाटला. संध्याकाळी तिने सुदर्शनला फोन केला. "असे बाप्ये मी जन्मात पाहिले नाहीत. लेकींच्या वेण्या घालतात! घर ठरलं."

"समुद्र किती लांब आहे?"

"मी समुद्र बघायला गेलेच नाही."

जून आणि जुलै असे गेले, की लतिकाला आपल्या हुशारीचा गर्व झाला. मयुरा दोन दिवस जिन्यावर बसून राहिली, तिसऱ्या दिवशी ओटीवर उतरली. जतीनने तिला जाळं शिवायच्या सुईत दोरा भरायला शिकवलं. ती दिवसभर त्याच्याजवळ बसून सुया भरायची, आणि संध्याकाळी आईला "तू आज किती भरल्या?" असं विचारायची. सासूबाईंना फोनवर मयुराचा हा प्रश्नही ऐकवला गेला आणि आळीतल्या बापांचं कौतुकही. कचेरीतही लतिकाने आळीचं इतकं कौतुक केलं, की शेजारच्या टेबलावरची निशिगंधा म्हणाली, "मॅडम, तुम्ही घर भाड्याने घेतलंय की सासर?"

मग नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ वाहिला, होड्या सजल्या, लतिकानेही नारळीभात केला. दोन दिवसांनी सकाळी साडेनऊला ती मयुराचा डबा घेऊन खाली उतरली, तर ओटीवर कोणी नव्हतं. जतीनच्या दाराला कडी. समोरच्या दाराला कडी. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कुत्रा आणि वाळत घातलेल्या दोन चादरी. पुरुष होड्या घेऊन समुद्रावर गेले होते आणि बायका पाट्या घेऊन बाजारात.

लतिका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बंदीचं परिपत्रक तिच्याच टेबलावर आलं होतं. तिनेच त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि ते संबंधित फायलीला लावलं होतं. पण त्या कागदाचा आणि मांडीवरच्या तान्ह्यांचा काही संबंध असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं. ते बाप काही जगावेगळे नव्हते. त्यांना दोन महिने सुट्टी होती, एवढंच. तिने एक आख्खं गाव सुट्टीत बघून पसंत केलं होतं.

ती मयुराला घेऊन कचेरीत गेली. त्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्याही. मयुरा टेबलाखाली जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसायची. अभ्यागत आला की लतिकाच्या साडीमागे जायची. तिसऱ्या दिवशी साहेब केबिनमधून बाहेर आले आणि हसत म्हणाले, "सोनवणे मॅडम, ही नवीन भरती का?" हसत म्हणाले, पण म्हणाले.

सुदर्शन रात्रपाळीवरून आल्यावर झोपेच्या आधी तासभर लेकीला बघायचा आणि बसल्या जागी पेंगायचा. "दिवाळीपर्यंत थांबायचं का, लतिका?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. तिने त्या रात्री राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवून पाहिला. इतरांचे इतके अर्ज हाताखालून गेले होते, की तो चटकन जुळला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती रिक्षातून उतरली, तर जमना ओटीवर कमरेवर हात ठेवून उभी. पाटी उपडी घालून ठेवलेली, पदर अजून खोचलेलाच.

"काय गो, पोरीला हापिसात नेतेस म्हणे?"

"मग काय करू? इथे कोणी नव्हतं."

"कोणी नव्हतं? आनंदीबाय मेली का?"

"कोण आनंदीबाय?"

जमनाने कपाळावर हात मारला. "दोन महिने राहिलीस आणि आनंदीबाय ठाऊक नाय! अगो, मागच्या आळीला तिची पडवी हाय. सगळी पोरं तिथंच असतात. मला वाटलं, तू मोठी हापिसवाली, तुला आमच्यात पोर ठेवायची नसेल."

"आणि मला वाटलं, तुम्ही सगळ्या निघून गेलात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जमना हसली. "चल, दाखवते."

आनंदीबाई सत्तरीची, एका डोळ्याने कमी बघणारी म्हातारी. तिच्या लांबलचक पडवीत सात-आठ लहान पोरं लोळत होती. पद्धत अशी होती: आनंदीबाई रोज असायची, आणि सोबत रोज एक बाई बाजाराला न जाता पोरांपाशी थांबायची. प्रत्येकीचा वार ठरलेला. सोमवार सोमीचा, मंगळवार भिकीचा, बुधवार जमनाचा. पोरं आपापला डबा घेऊन यायची आणि दुसऱ्याचा खायची.

लतिकाला इतकं हायसं वाटलं, की तिने तिथेच पर्स उघडली. "आजी, महिन्याचं काय द्यायचं ते सांगा. मी वसईला देत होते तेवढं तरी..."

पोरं न्यायला आलेल्या बायकांनी माना वळवल्या. आनंदीबाईने चांगला डोळा तिच्यावर रोखला. "पैशानं पोर ठेवायला मी हाटेल काढलंय का गो?"

"तसं नाही आजी, पण फुकट कसं..."

"फुकट कोण म्हणतंय? वार दे."

लतिकाची पर्स तशीच उघडी राहिली. तिच्याकडे वार कुठला? सोमवार ते शनिवार कचेरी. दुसरा-चौथा शनिवार सोडला तर रविवार तेवढा आपला, आणि त्या एका दिवसात आठवड्याचं धुणं, दळण, केस धुणं आणि दुपारची झोप. ती चाचरत म्हणाली, "माझ्याकडे फक्त रविवार आहे."

जमनाने सोमीकडे बघितलं, सोमीने भिकीकडे.

"रविवार?" भिकी म्हणाली. "सगळे?"

मग लतिकाला कळलं. रविवार म्हणजे मासळी खपायचा दिवस. त्या दिवशी घरी थांबायला एकही बाई तयार नसायची. वर शाळा बंद, म्हणून मोठी पोरंही पडवीत. रविवारच्या पाळीवरून आळीत वर्षानुवर्षं भांडणं होती. गेल्या साली सोमी आणि भिकी त्यापायी शिमग्यापर्यंत बोलल्या नव्हत्या.

"देते," लतिका म्हणाली. म्हणाली आणि लगेच तिला आपल्या दुपारच्या झोपेची आठवण झाली.

सुदर्शनने ऐकलं तेव्हा तो चहा पिता पिता थांबला. "आठवडाभर काम करायचं आणि रविवारी बालवाडी? धुणं कधी होणार?"

"तुझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते ना? गुरुवारी होणार."

पहिल्या रविवारी लतिका तयारीने गेली. गोष्टीची पुस्तकं, रंगीत खडू, आणि एका कागदावर अकरा पोरांची नावं वयानुसार. दहा मिनिटांत खडू वाटले गेले, पंधरा मिनिटांत मोडले गेले. मोठ्यांपैकी दीपेश नावाच्या पोराने गोष्ट अर्ध्यात तोडून विचारलं, "सिंहाला पोहता येतं का?" येत नसावं असं लतिका म्हणाल्यावर सगळ्यांचा सिंहातला रस गेला. मग दोघांची मारामारी, एकाची चड्डी ओली, एक पोरगी माडावर जाते म्हणून रडतेय. आनंदीबाई भिंतीला टेकून हे सगळं निवांत बघत होती.

"आजी, जरा सांगा ना काहीतरी!"

"तुझा वार हाय," म्हातारी म्हणाली.

दुपारी जेवायला बसवताना लतिकाने डबे नावाप्रमाणे लावले. पोरांनी ते तिच्यासमोरच फिरवले. मयुराचा पोळी-भाजीचा डबा कुठे गेला ते कळलंच नाही. मयुरा दुसऱ्या कुणाच्या तरी ताटलीतलं बोंबलाचं कालवण भाताशी कालवून खात होती आणि शेजारच्या पोराला दटावत होती, "काटा नाय याला, खा गपचूप." लतिकाने लेकीचं ते 'नाय' ऐकलं आणि हातातली पळी खाली ठेवून एक मिनिट नुसतीच बसली. संध्याकाळी बायका परतल्या तेव्हा तिचे केस विस्कटलेले, साडीवर हिरवा खडू आणि मांडीवर भिकीचं पोर झोपलेलं. भिकीने पाटीतून केळीच्या पानात बांधलेली मासळी काढून तिच्यापुढे ठेवली. "उरलेली नाय हां, काढून ठेवलेली हाय."

वर जाऊन ती आठ वाजताच झोपली. सुदर्शनने खिचडी टाकली, ती करपली, त्याने एकट्याने खाल्ली.

पुढचे रविवार सोपे झाले असं नाही. तिला सवय झाली. तिने पुस्तकं नेणं सोडलं आणि नेलकटर नेणं सुरू केलं. अकरा पोरांची नखं कापायला बरोबर दोन तास लागतात, आणि तेवढा वेळ प्रत्येक पोर आपल्या पाळीची वाट बघत शांत बसतं, हा शोध तिचा स्वतःचा.

दिवाळीला आठ दिवस असताना सुदर्शन एक कागद घेऊन आला. स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत एक क्वार्टर रिकामं झालं होतं. पक्कं, दोन खोल्या, संडास घरात, ड्यूटीला चालत पाच मिनिटं. शिवाय शेजारच्या सिनियर माणसाची आई पोर सांभाळायला तयार होती. "आठ दिवसांत कळवायचंय," तो म्हणाला. "तूच ठरव. घर तुझ्याकडेच आहे."

लतिकाने कागद दोनदा वाचला. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात आला असता तर तिने रडत सही केली असती. खाली आळीत संध्याकाळची वर्दळ होती. मयुरा जिन्यावर उभी राहून कुणाला तरी ओरडून सांगत होती, की तिचा डाव अजून संपलेला नाही, आणि ते ओरडणं समोरच्या तीन घरांना ऐकू जात होतं.

"आपण गेलो तर रविवारी पडवीत कोण बसेल?" तिने विचारलं.

"कोणीतरी बसेल. तू यायच्या आधीही बसत होतंच ना?"

"भांडून बसत होतं."

सुदर्शनने तिच्या हातातून कागद परत घेतला. सकाळच्या पाळीला इथून पावणेपाचला निघावं लागतं, पावसात मोटारसायकल बंद पडते, हे सगळं त्याने मनात मोजलं असणार. मग पेन शोधत म्हणाला, "नकार कसा लिहायचा ते सांग. तुमच्या भाषेत."

"लिही. उपरोक्त विषयान्वये, कौटुंबिक कारणास्तव..."

"कारण काय, ते कोणी नाही विचारणार?"

"कौटुंबिक लिहिलं की कोणी विचारत नाही."

त्याने लिहिलं, तिने शुद्धलेखन तपासलं, आणि राजीनाम्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सासूबाईंनी दिवाळीला फोनवर विचारलं, तेव्हा मयुरानेच फोन ओढून घेतला आणि आजीशी इतका वेळ बोलली, की त्यांना जे विचारायचं होतं ते राहून गेलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी जमना घाईघाईने पडवीत आली. डोक्यावर पाटी, आणि बोटाला धरलेली एक अनोळखी, शेंबडी, तीनेक वर्षांची मुलगी.

"ही कोण?" लतिकाने विचारलं.

"माझ्या भावाची. वरोरहून आलीये. चार दिवस राहील."

"अगं पण जमनाताई, आधीच अकरा..."

"बारा झाली. रिक्षा थांबलीये, जाते मी," म्हणत जमना निघालीसुद्धा. मुलीने पडवीतल्या गर्दीकडे बघितलं आणि ती दाराच्या मागे जाऊन उभी राहिली. लतिका उठणार, तेवढ्यात मयुरा तिच्या आधी तिथे पोचली.

"बाहेर ये," ती म्हणाली. "आधी नखं दाखव."