नकाशातून खोडलेलं रामपूर

माझ्या बायकोने आणि माझ्या तीस वर्षांच्या दोस्ताने मिळून मला फसवलं. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, दोघांनीही माझ्या तोंडावर ते कबूल केलं आहे. व्यवहारात मला अजून कोणी फसवलेलं नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला ते आजही मोंढ्याच्या बाजारात मला पाहिलं की रस्ता बदलतात.

दोस्त म्हणजे चेलीपुऱ्यातला मोटर वाइंडिंगवाला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. मी आधी मोंढ्यात पोती वाहायचो. नंतर कारखान्यांच्या लिलावात जळालेल्या मोटरी घ्यायला लागलो. तो त्यांत नवी तार भरून द्यायचा, मी विकायचो. त्यातून माझं पुंडलिकनगरचं घर उभं राहिलं. रविवारी आम्ही दोघं जायकवाडीच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसायचो. मला बोलायची सवय, त्याला गप्प बसायची. त्यामुळे जमलं.

तरुणपणी उस्ताद हिमाचलात एका वीज प्रकल्पावर वाइंडिंगच्या कामाला दोन वर्षं राहिला होता. तिथल्या ट्राउट माशाचं त्याला वेड लागलं ते कायमचं. बर्फाच्या पाण्यातला मासा, अंगावर लाल ठिपके. आपल्याकडच्या कणकेच्या गोळीला तो तोंड लावत नाही. पाण्यावर माशी बसल्यासारखी वाटली तरच झेपावतो. म्हणून उस्ताद दुकानात बसून खोट्या माश्या बनवायचा. कोंबड्याच्या मानेची पिसं आणि मोटरीतली तांब्याची बारीक तार. एकदा जाऊ भाऊ, एकदा जाऊ, असं वीस वर्षं चाललं होतं.

माझ्या मुलीबद्दलही इथेच सांगून टाकतो. मी तिचं लग्न जमवलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पंधरा दिवस राहिले असताना ती कॉलेजात ओळख झालेल्या एका हिमाचली मुलाबरोबर निघून गेली. ज्यांना मी शब्द दिला होता त्यांच्या दारात हात जोडून उभा राहिलो. दिलेला शब्द मोडण्याची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली. त्यानंतर मी घरात सांगितलं, तिचं नाव काढायचं नाही. सात वर्षं कोणी काढलं नाही. ती हिमाचलात कुठे राहते हेही मी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी गणपती उठल्यावर उस्तादने पुन्हा विषय काढला. मला शंका यायचं कारण नव्हतं, कारण विषय जुनाच होता. ऑक्टोबर संपला की तिकडे हा मासा धरायला बंदी असते, म्हणजे लगेच ठरवायला हवं होतं. पितरांच्या पंधरवड्यात एरवी माझी बायको मला गावाबाहेर पाय ठेवू देत नाही. त्या वर्षी म्हणाली, उद्या निघालात तरी माझी हरकत नाही. मी मात्र दसऱ्यानंतरची तारीख धरली. पावसाने खचलेले घाट तोवर दुरुस्त होतात, एवढं डोकं मला आहे.

उस्तादच्या दुकानात वाइंडिंगचा जाड पिवळा कागद पसरून आम्ही नकाशा काढला. अंबाल्यापर्यंत सचखंड एक्सप्रेस, तिथून भाड्याची गाडी. सिमला, नारकंडा, मग खाली सतलजपर्यंत उतरून पूल ओलांडायचा, जलोडी घाट चढायचा आणि पलीकडे तीर्थन नदी. मासा तिथे. पण उस्तादने पुलाच्या अलीकडून एक रेघ सरळ पुढे ओढली आणि टोकाला रामपूर लिहिलं. म्हणाला, इथं दोन दिवस थांबू.

“मासा हाय का तिथं?” मी विचारलं.

“नदीला गाळ लई. ट्राउट नाय.”

“मग कामून जायचं?”

“रस्ता बघण्यासारखा हाय, भाऊ. खाली सतलज, वर डोंगर.”

“डोंगर बघायला दौलताबाद हाय की. दहा रुपयात बस नेऊन सोडती.”

तो हसला. मी चेव आल्यासारखा घासाघीस सुरू केली. ती मला खाण्यापिण्यापेक्षा आवडते, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांचा एक मुक्काम केला. मुक्कामाचं दुपारचं जेवण केलं. जेवणाचा चहा केला. प्रत्येक वेळी तो खाली येत होता, पण रामपूर सोडत नव्हता. चहा तर चहा, पण तिथेच प्यायचा. जळालेली मोटर घेताना मी आधी हेच बघतो, की मालक कशाबद्दल बोलायचं टाळतो. उस्ताद काहीतरी टाळत होता हे मला स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, मी ओळखलं.

मी म्हणालो, “उस्ताद, तिथल्या हॉटेलवाल्याशी किती कमिशन ठरलंय?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत म्हणालो. तीस वर्षांत त्याने मला एका तारेच्या वजनात फसवलं नव्हतं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खिशातला पेन काढून त्याने स्वतःच्या हाताने रामपूर खोडलं, दोनदा, कागद फाटेपर्यंत. म्हणाला, “बस, भाऊ. खुश?”

मी खुश होतो. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं, दोन दिवसांवरून त्याला कसा शून्यावर आणला ते. ती पोळ्या लाटत होती. तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, उस्तादांचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हणालो, माशांतलं तुला काय कळतं?

आम्ही गेलो. नारकंड्याहून खाली उतरलो, सफरचंदांच्या पेट्या भरलेल्या ट्रकांच्या मागे मागे. फाट्यावर उस्तादने गाडी थांबवायला लावली, चहा प्यायचा म्हणून. एक कप प्यायला अर्धा तास लावला. सरळ रस्ता रामपूरचा, डावीकडे आमचा पूल. तो म्हणाला, “भाऊ, दोन तासांचा रस्ता हाय. निस्तं जाऊन येऊ. तुमी गाडीतून उतरू नका पायजे तर.”

मी म्हणालो, “ठरलं ते ठरलं.”

रामपूरची बस आली तेव्हा त्याने आपल्या पिशवीतून कापडात शिवलेलं एक पार्सल काढलं, कंडक्टरला दिलं आणि बराच वेळ त्याला काहीतरी समजावत राहिला. मी गाडीत बसून बघत होतो. मनात म्हटलं, बघ, इथे याचा धंदा आहेच. पार्सलावरची शिवण माझ्या बायकोच्या हातची होती हे मला दिसलं नाही. ती कशी शिवते याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

जलोडी घाट सुंदर आहे. देवदाराची झाडं, वर गवताची कुरणं पिवळी पडलेली, लांब पहिला बर्फ. तीर्थनमध्ये मला तीन दिवसांत चार मासे लागले. उस्ताद गळ हातात धरून दगडावर बसून राहायचा. त्याच्या गळाला माशी बांधलेलीच नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. विचारलं तर म्हणाला, हात दुखतोय.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी सकाळी फोन आला. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि तिने सगळं एका दमात सांगितलं. मुलगी गेली होती. दीड वर्षापासून रक्ताचा कॅन्सर होता. फोन उस्तादच्या दुकानात यायचे, बायको तिथे जाऊन बोलायची. रामपूरचा बेत दोघांनी मिळून केला होता. मुलगी तिथेच राहायची. मला तिच्या दारापर्यंत न्यायचं, पुढचं पुढे बघू, असा.

मी ओरडलो की मला सांगायचं होतं. ती म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता, मला माहिती हाय. पण तिने शपथ घातली होती. म्हणाली, आजारपण ऐकून आलेला बाप मला नको. आपल्या मनाने येत असेल तर येऊ दे.”

आम्ही रामपूरला पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. जावयाला मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. बारीक, थकलेला माणूस. त्याने हिंदीत शांतपणे सांगितलं की ऑक्टोबरात चंदीगडच्या हॉस्पिटलची तारीख मिळाली होती, तिने ती आठ दिवस पुढे ढकलायला लावली. घरी पाहुणे येणार आहेत एवढंच ती डॉक्टरांना म्हणाली. उस्तादने बसने पाठवलेलं पार्सल तिला त्याच संध्याकाळी मिळालं. त्यात शेंगदाण्याचे लाडू आणि लोकरीची टोपी होती. टोपी तिने शेवटपर्यंत घातली. त्याने ती मला दाखवायला आणली. मी हातात घेतली नाही.

परत आल्यावर उस्तादच्या दुकानात गेलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो कामाच्या स्टुलावर बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, तिची शपथ होती, भाऊ, लेकराची. तेव्हापासून तो माझ्याकडे येत नाही, मी त्याच्याकडे जात नाही. मोटरी मी आता दुसऱ्याकडे भरतो. एकेक मोटर वर्षात दोनदा परत येते.

लोक म्हणतात, तुझा राग, तुझा हट्ट. ते मला कोणी सांगायला नको. सात वर्षं मी तिचं नाव घेतलं नाही, याचा हिशोब माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाला देणं लागत नाही. पण त्या फाट्यावर मी गाडीत बसलो होतो. दोन तासांचा रस्ता होता. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला माहीत होतं, घरी बसलेल्या माझ्या बायकोला माहीत होतं. भर दुकानात चोर म्हटलेलं त्याने गिळलं, पण एक वाक्य बोलला नाही. तिला बरं वाटावं म्हणून दोघांनी शपथ पाळली, आणि ती दोन दिवस पाहुण्यांची वाट बघत राहिली. शपथ मोडली असती तर तिचं याहून वाईट काय झालं असतं, हे त्या दोघांपैकी एकाने माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यात बघून सांगावं. मी सहा वर्षं थांबलो आहे. मला उत्तर पाहिजे.