मेश्रामांची अर्धपोकळ खरेदी

सुशांत मेश्राम मूळचे नागपूरचे, आता अमेरिकेतल्या नोव्हायचे. धावत्या मोटारीत बसलेल्याला खडखड, घरघर ऐकू येऊ नये याची व्यवस्था करणं हा त्यांचा पेशा. गाड्या शांत करता करता स्वतःही शांत झालेले. मुलगी अनया कॉलेजला गेल्यावर तिची जुनी गिटार त्यांनी हाती घेतली, तीही तळघरात, दार लावून. त्यांची बायको प्रणिता सांगते, "मला कितीतरी दिवस वाटायचं, हीटर बिघडलाय."

पुढे त्यांना इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. जवळच्या ॲन आर्बर गावातल्या वाद्यांच्या एका लहानशा दुकानात त्यांनी एक वापरलेली, गडद लाल गिटार हेरून ठेवली. तिला सेमी-हॉलो म्हणतात. मधे लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी. स्पीकरची वायर जोडली तर दणक्यात वाजते, नाही जोडली तरी शेजारी बसलेल्याला ऐकू येते.

"म्हणजे अर्धी पोकळ," प्रणिता म्हणाली.

"अगं, पोकळी आहे म्हणून तर आवाज गोड येतो."

"तरीच तुमची आश्वासनं एवढी गोड लागतात!"

तिची ना नव्हती. अट एकच होती: दुकानात वाजवून बघितल्याशिवाय आणायची नाही. "नारळसुद्धा आपण वाजवून घेतो," ती म्हणाली. अट रास्त होती. माल न तपासता घेऊ नये, असं मलाही वाटतं. पण मेश्राम चारचौघांत वाजवायला तयार नव्हते. या वयात अडखळताना पाहून लोक हसतील, ही त्यांची धास्ती.

मग दर शनिवारी एकच प्रकार. मेश्राम दुकानात जायचे, गिटारीसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. मालक डग विचारायचा, "वाजवून बघताय?" हे म्हणायचे, "नेक्स्ट टाइम." मग रिकाम्या हाताने निघणं बरं दिसत नाही म्हणून काहीतरी विकत घ्यायचे. आधी पट्टा घेतला, मग स्टँड, मग तारा, मग तारा पुसायचं फडकं. नालासाठी घोडा घेणारे लोक असतात. यांनी नाल, खोगीर, लगाम सगळं जमवलं होतं, घोडा तेवढा दुकानात.

मार्चमधल्या एका शनिवारी मित्र म्हणून मीही सोबत गेलो. बुटांचा चिखल झटकून आत शिरलो, तर सत्तरीच्या एक बाई स्टुलावर बसून तीच लाल गिटार वाजवत होत्या. वाजवतही चांगलं होत्या. मेश्राम पायपुसण्यावरच थिजले.

"भाऊ, गेली आपली गिटार."

"तुमची होती कधी?"

"असं नका बोलू ना यार."

"मग जाऊन सांगा त्यांना."

"काय सांगू? एक्सक्यूज मी मॅडम, मी हिला कधीपासून नुसतं बघून राहिलो?"

"तेच सांगा."

आणि मेश्रामांनी खरोखर इंग्रजीत तेच सांगितलं. बाई खळखळून हसल्या. आपण नवऱ्याच्या वाढदिवसासाठी गिटार बघतोय, आवडली तर आजच नेणार, असं त्या म्हणाल्या. "पण आधी तुम्ही वाजवा. तुम्हाला नको असेल तर माझी." त्यांनी गिटार मेश्रामांच्या हातात ठेवली. आता 'नेक्स्ट टाइम' म्हणायची सोय राहिली नाही.

मेश्रामांनी पहिलं काम काय केलं, तर वायर काढून टाकली. डोळे मिटले. त्यांचे वडील नागपुरात जयंतीला गायन पार्टीत म्हणायचे ते गाणं सुरू केलं. यांना पूर्ण येणारं तेवढं एकच. अंतऱ्याला बोट चुकलं, पुन्हा पहिल्यापासून धरलं, कसंबसं पार पाडलं. मग एक डोळा उघडला.

"भाऊ, कोण हसलं?"

"कोणी नाही."

"खरं सांगा."

"अहो, कोणी ऐकलंच नाही."

खरंच तसं होतं. डग फोनवर कुणाला तरी दुकानाचा पत्ता समजावत होता. पलीकडे एक विद्यार्थी ड्रम बडवत होता. बाई भिंतीवरचा बँजो न्याहाळत होत्या. इतके दिवस ज्याला घाबरत होते ते टळलं, म्हणून मेश्राम सुटकेचा निःश्वास टाकतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे काय? अख्खं गाणं वाजवलं, अन् कोणी मान पण वर नाही केली?"

"तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"असं थोडंच असते, भाऊ!"

त्यांनी वायर उचलली, खटकन जोडली आणि आवाजाचं बटण जाईल तेवढं फिरवलं. पहिल्याच झंकाराला डगने दुसऱ्या कानावर हात ठेवला. ड्रम थांबला. बाई वळल्या. अंतऱ्याला बोट पुन्हा तिथेच चुकलं, या वेळी सगळ्या दुकानाला कळेल असं. मेश्राम मागे फिरले नाहीत. चूक तशीच रेटून पुढे गेले, आणि शेवटच्या ओळी तर गाऊही लागले.

"म्हणजे गिटार तुम्हीच घेताय तर," बाई म्हणाल्या.

मेश्रामांना ऐकूच आलं नाही. त्यांच्या वतीने मीच मान डोलावली.