बाद फेरीतली मागची फळी

साखळी सामने चालू असेपर्यंत माझा नवरा पेठेचा जावई असायचा. बाद फेरी सुरू झाली की तो गडहिंग्लजचा पाहुणा व्हायचा.

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे घरचं कार्य. तालमीची टीम मैदानात उतरली की घराघरांत लाईव्ह लागतं आणि कुकरसुद्धा हाफटाइम बघून चढतो. ह्यांनी कोच म्हणून टीम हातात घेतली तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. स्वतः फॉरवर्ड म्हणून खेळलेले, आता शाळेत पीटीचे सर. त्यांचा स्वभाव टीमला लागला. साखळीत आमची पोरं धडाधड गोल करायची आणि दूधवाला दारात मापभर जास्त बोलायचा, "वैनी, सरांनी पोरं तयार केल्यात बघा!" मग बाद फेरी यायची. हरला तो घरी, असा सामना आला की आमच्या मागच्या फळीचे पाय जड व्हायचे. पहिली दोन्ही वर्षं तसंच झालं. दुसऱ्या वर्षी सेमीफायनलला आम्ही चार गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याच दूधवाल्यानं विचारलं, "पावणं काय म्हणत्यात?"

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. हात कामात असेपर्यंत ठीक चालायचं. घरी आले की धुतलेली भांडी परत धुवायची, गॅलरीत जायचं, आत यायचं. ह्यांचंही तेच. एवढ्याशा खोलीत दोन माणसं येरझाऱ्या घालायला लागली की एकमेकांना आडवी येतात. मग भांडण व्हायचं, आणि ते फुटबॉलवरून कधीच नाही, आमटीतल्या मिठावरून.

त्या मागच्या फळीच्या मधोमध माझा धाकटा भाऊ उभा असायचा. स्टॉपर, आणि टीमचा कॅप्टन. हातकणंगल्याच्या कारखान्यात शिफ्ट करून संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचा. पेठेचं त्याच्यावर भारी प्रेम. आमचं माहेर दोन गल्ल्या सोडून आहे, त्यामुळे त्याचं कौतुक मला दोन्हीकडून ऐकू यायचं. पण त्याचा डावा गुडघा गेला होता. एका सामन्यात पाय अडकला, आतलं काहीतरी तुटलं, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं आणि त्यानं ते टाळलं. पट्टा बांधून सरळ धावायचा, उडी मारायचा, पण डावीकडं एकदम वळता यायचं नाही. ही गोष्ट आई, मी आणि माझा नवरा, आम्हा तिघांनाच ठाऊक होती. "बाहीर बोलायचं न्हाय," असं त्यानं आईच्या गळ्याची शपथ घालून सांगितलं होतं.

चार गोलांनंतर तालमीत बैठक झाली. हे परत आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "अध्यक्ष एकच वाक्य बोलले. कोच कसला हाय ते पुढच्या पोरांवरनं न्हाय कळत, बाद फेरीत मागची पोरं कशी हुबी ऱ्हात्यात त्यावरनं कळतंय."

"मग तुम्ही काय म्हटलासा?"

"काय म्हणणार? बरोबर हाय त्यांचं."

मला ते बरोबर वाटलं नाही. अख्ख्या वर्षाची मेहनत दोन-तीन सामन्यांत, तीही मागच्या चार पोरांवरून मोजायची, हा कुठला न्याय? मी ते बोललेही. हे म्हणाले, "पुढं गोल व्हायला नशीब लागतं. मागं उभं राहायला शिकवावं लागतं. न्हाय शिकवलं मी." त्यांना आणखी एक हंगाम मिळाला. शेवटचा, असं कुणी म्हटलं नाही, पण गल्लीतल्या कुत्र्यालाही ते कळलं होतं.

पावसाळा सरता सरता त्यांनी भावाला वगळायचं ठरवलं. आधी मला सांगितलं. मी लसूण सोलत होते, ती तशीच टाकून उठले आणि कुठं जायचं ते न कळून परत बसले. हे म्हणाले, "फोनवर न्हाय सांगणार. घरी जाऊन सांगतो." मीही बरोबर गेले.

आईनं चहा ठेवला. भाऊ जमिनीवर पाय पसरून बसला होता. ह्यांनी घुमवून-फिरवून काही सांगितलं नाही. "ह्या वर्षी तुला खेळवणार न्हाय. गुडघा नीट करून घे. ऑपरेशनला मी बरोबर येतो."

भावानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "चार गोल माझ्यामुळं झाल्यात व्हय?"

"दोन तुझ्या अंगानं झाले. बाकीचे माझ्यामुळं. तुला खेळवला ते मीच की."

"दाजी, कमिटीला गुडघ्याचं सांगितलासा?"

"न्हाय."

"सांगू बी नगासा."

एवढं बोलून तो उठला आणि बाहेर गेला. चहा तसाच राहिला. आम्ही निघताना आई ह्यांना म्हणाली, "जावईबापू, त्येला दुसरं काय येतंय का हो?"

खेळाडूंची नोंदणी सुरू झाली आणि भावानं पलीकडच्या पेठेच्या टीमकडून नाव नोंदवलं. कोल्हापुरात ह्याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. त्यानं दुसऱ्या टीमची जर्सी घालून फोटो स्टेटसला ठेवला आणि आमच्या गल्लीत एखाद्याचं बरंवाईट झाल्यासारखी शांतता पसरली. मग सगळे एकदम बोलायला लागले. अर्धी पेठ भावाला शिव्या घालत होती, अर्धी ह्यांना. भाजीवाली मला म्हणाली, "सख्ख्या मेव्हण्याला घालीवलं पावण्यानं." मी कोथिंबीर न घेताच आले. भाऊबीजेला भाऊ आला नाही. मी ताट करून ठेवलं होतं. संध्याकाळी त्यातली करंजी ह्यांनी उचलून खाल्ली, मला राग आला आणि मग हसूही आलं.

त्या हंगामात आमच्या घरात फक्त मागची फळी होती. हे जेवताना वाट्या सरकवायचे. आमटीची वाटी पुढं, ताकाची मागं, मधे किती अंतर, कुणी कुणाला हाक मारायची. मी एकदा विचारलं, "हाक कशाला?" तर म्हणाले, "मागची फळी तोंडानं खेळती. गप्प झाली की फुटती." टीमनं त्या वर्षी साखळीत कमी गोल केले. प्रेक्षक कंटाळले. लाईव्हखाली लोक काय काय लिहायचे ते मी वाचायचे आणि फोन उशीखाली घालून ठेवायचे, थोड्या वेळानं परत काढायचे. पण बाद फेरीतला पहिला सामना एका गोलावर जिंकला, आणि मागं एकही गोल शिरला नाही.

सेमीफायनल भावाच्या टीमशी आली.

ते कळल्यापासून माझी झोप गेली. सामन्याच्या सकाळी हे शिट्टी शोधत होते. ती गळ्यातच होती. मी म्हटलं, "गुडघ्याचं पोरांना सांगणार हायसा का?"

ते थांबले. "तुला काय वाटतं?"

"ते घरातलं हाय. जावई म्हणून तुम्हाला कळलंय, कोच म्हणून न्हाय."

"आणि मला ठाऊक असून मी गप्प बसलो, आणि पोरं हरली तर?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. बूट घातले आणि गेले.

आईला बोलावलं तर ती म्हणाली, "कुणाच्या बाजूनं बसू? तू जा." मी लॅबमधून अर्धी रजा टाकून गेले आणि बायकांच्या गॅलरीत बसले. म्हणजे बसले नाहीच. भाऊ मैदानात आला, पट्टा मोज्याखाली लपवलेला होता, पण मला तो दिसत होता. आमच्या पेठेच्या बाजूनं त्याच्या नावानं जो कालवा उठला तो मला ऐकवेना. मागून एक बाई ओरडली, "ओ वैनी, बसा की खाली! तुम्हीच खेळणार हायसा का?"

पहिला हाफ मी भावाचा डावा पाय बघत काढला. आमचा उजवा विंगर त्याच पायाच्या बाजूनं जाणार होता, चपळ पोरगा, वाऱ्यासारखा. पण तो आत शिरतच नव्हता. चेंडू मिळाला की मागं द्यायचा किंवा लांबून उडवायचा. भाऊ समोर आलेला प्रत्येक चेंडू डोक्यानं परतवत होता, आपल्या पोरांना ओरडून जागेवर आणत होता. मला कळलं की ह्यांनी सांगितलेलं नाही. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली, कारण आम्ही गोल करण्याच्या जवळपासही नव्हतो. हाफटाइमला हे पोरांच्या घोळक्यात गुडघ्यावर बसून काहीतरी सांगत होते. एवढ्या लांबून काय ऐकू येणार.

दुसऱ्या हाफात विंगरला पहिलाच चेंडू मिळाला तसा तो सरळ भावाच्या डाव्या अंगावर गेला. भावानं अडवला. परत गेला. परत अडवला. तिसऱ्या वेळी पोरानं चेंडू पुढं ढकलला, भाऊ वळला आणि वळता वळता खाली बसला. कुणी धक्का दिला नव्हता. पोरगा एकटाच गोलीसमोर होता. गोल.

आमची सगळी गॅलरी उठली. मी उभीच होते, ती खाली बसले.

भाऊ उठून लंगडत खेळत राहिला. बदली व्हायला त्यानं नकार दिला, हातानंच बाकाकडं ‘नको’ म्हणून दाखवलं. नंतरचा सगळा वेळ त्यांच्या टीमनं आमच्यावर चढाई केली. आणि आमची मागची पोरं, ज्यांना मी फक्त वाट्या म्हणून ओळखत होते, ती एकमेकांना हाका मारत उभी राहिली. एकदा चेंडू खांबाला लागला, एकदा रेषेवरून काढला. फुटली मात्र नाहीत. शिट्टी झाली तेव्हा ह्यांना पोरांनी खांद्यावर घेतलं होतं आणि कुणीतरी गुलाल उधळत होतं.

मी माहेरी गेले. गल्लीत फटाके चालू होते. आमच्याच पेठेच्या विजयाचे, आमच्याच दारासमोर. भाऊ कॉटवर पाय वर घेऊन बसला होता, आई बर्फाची पिशवी धरून. मला वाटलं तो मला हाकलून देईल.

"अक्का, एक विचारू?" तो म्हणाला. "पयल्या हाफात त्यो पोरगा माझ्या अंगावर का न्हाय आला?"

मी त्याच्या पायाखालची उशी सारखी केली.

"दाजींनी सांगितलं नव्हतं न्हवं? माझी कीव केली व्हय त्यांनी? मी तितं हुबा हाय, अख्खं स्टेडियम बघतंय, आणि समोरचा कोच मला लेकरागत सांभाळतोय!" त्यानं कॉटवर मूठ आपटली. "दुसऱ्या हाफात आला तवा बरं वाटलं मला. दोनदा अडवला की न्हाय त्याला? सांग की!"

"अडवलास," मी म्हटलं. आईनं पिशवी खाली ठेवली आणि डोळे पुसले.

घरी आले तर हे न्हाणीतून बाहेर येत होते. कानामागं गुलाल तसाच होता. ताट वाढलेलं होतं, पण त्याला हात लावलेला नव्हता. मी भावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पहिला हाफ मला सांगवेना. हाफटाइमला पोरांची तोंडं बघितली आणि सांगितलं." मग शर्ट चढवला. "मी जाऊन येतो." स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांचं तिथं काय बोलणं झालं ते मला दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. आई एवढंच म्हणाली की जावईबापू आमच्यात जेवले.

फायनल आम्ही हरलो. दोन्ही गोल कॉर्नरवरून, मागच्या फळीच्या डोक्यावरून. पेठेनं काही दिवस दम धरला, मग कमिटीनं नवीन कोच आणायचं ठरवलं. अध्यक्ष स्वतः घरी आले, शाल दिली, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, सेमीला तुमची पोरं काय हुबी ऱ्हायली! पण फायनल ती फायनल." हे म्हणाले, "बरोबर हाय." ह्या खेपेलाही मला ते बरोबर वाटलं नाही, पण मी बिस्किटं आणायला आत गेले.

उन्हाळ्यात भावाचं ऑपरेशन झालं. हे शाळेला सुट्टी असल्यामुळे दवाखान्यात त्याच्याजवळ थांबायचे. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर जिन्यातूनच दोघांचे आवाज येत होते.

"कॉर्नरला लांबच्या खांबावर माणूसच न्हवता तुमचा, दाजी! मी टीव्हीवर बघतोय आणि आई मला गप बस म्हणत्या."

"होता. तो सरकला."

"सरकला म्हंजे तुम्ही सांगितलंच नव्हतं त्याला!"

"सांगितलं होतं! तू तिथं होतास काय?"

"न्हवतो, तुम्हीच काढला न्हवं मला!"

नर्स दारात येऊन दोघांवर ओरडली. मी डबा टेबलावर ठेवला, खिडकी उघडली आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही जेवा आधी. मी जरा खाली जाऊन येते." खाली दवाखान्याच्या आवारात मी बराच वेळ फेऱ्या मारत राहिले. वरच्या खिडकीतून दोघांचं भांडण परत सुरू झालेलं ऐकू येत होतं.